आदर्श नगराची उपरोधिक विज्ञानकथा कशी लिहावी

आदर्श समाजावर उपरोधिक विज्ञानकथा लिहायची असेल, तर नवी मुंबईत राहणाऱ्याला मंगळावर जायची गरज नाही. आपण राहतो ते शहरच आधी कागदावर उभं राहिलं. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन, एका आराखड्यात आली. त्या आराखड्यात मोठं स्वप्न होतं. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आजही पाहता येतं: सात-सात घरं एका अंगणाभोवती, कुटुंब वाढेल तसं ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं अशी रचना.

त्याच आराखड्याखाली शेतं आणि मिठागरंही होती. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरणच्या रस्त्यावर उतरले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्यातून आली.

या साहित्यप्रकाराबद्दल मला जे सांगायचं आहे ते इथूनच निघतं. स्वप्ननगरी आणि भयनगरी एकाच नगरात, एकाच नियमाच्या खिडकीपाशी भेटतात. खिडकीच्या आत बसलेल्याला सगळं सुरळीत दिसतं, बाहेरच्याच्या हातात टोकन असतं. कथा त्या खिडकीवर लिहायची. ते कसं करायचं, हे एक कथा पहिल्यापासून रचत पाहू.

पायरी १ : नियम निवडा, आणि तो चांगला निवडा

बऱ्याच नव्या कथा इथेच घसरतात. लेखक सुरुवातीलाच एक क्रूर राजवट उभी करतो, सगळ्यांच्या मानेत चिप बसवतो, आकाशात ड्रोन सोडतो. पहिल्या परिच्छेदातच वाचकाला कळतं की हे वाईट आहे, आणि पुढची दहा पानं तेच पुन्हा ऐकावं लागतं. उपरोधाला जागा हवी असेल तर नियम असा हवा, की तो वाचून तुमच्या घरातल्या सगळ्यात भल्या माणसाने "हे बरं झालं" म्हणावं आणि खाली सही करावी.

इंग्रज लेखक सॅम्युएल बटलरने १८७२ मध्ये 'एरेव्हॉन' या कादंबरीत कल्पिलेल्या देशात आजारी पडणं हा गुन्हा आहे, आणि पैशांची अफरातफर हा आजार. अफरातफर करणाऱ्याला भेटायला लोक सहानुभूतीने जातात, क्षयरोग्याला न्यायाधीश शिक्षा ठोठावतो. एवढ्या एका अदलाबदलीने त्याच्या काळातली कोर्टं आणि सभ्य दिवाणखाने एकदम उघडे पडतात. १९०५ मध्ये बंगाली लेखिका बेगम रोकेया यांनी मद्रासच्या एका इंग्रजी मासिकातल्या 'सुलतानाज ड्रीम' या कथेत याहून साधी उलथापालथ केली. त्यांच्या स्वप्नातल्या देशात पुरुष पडद्याआड आहेत, आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर देश चालवतात. कथेतला युक्तिवाद सरळ आहे: उपद्रव ज्यांच्याकडून होतो त्यांना मोकळं सोडून निरुपद्रवी माणसांना कोंडायचं, हा कुठला न्याय? दोघांनीही एकच गोष्ट बदलली आणि बाकी जग जसंच्या तसं चालू दिलं.

नियम शोधायला लांब जाऊ नका. सोसायटीच्या सूचना फलकापुढे दहा मिनिटं उभे राहा. घरकामाला येणाऱ्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी. अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत. गॅलरीत कपडे वाळत घालून इमारतीची शोभा घालवू नये. वार्षिक सभेचं इतिवृत्त, वॉर्ड ऑफिसमधली नागरिकांची सनद, शाळेची प्रवेशपुस्तिका हेही तपासा. शंभर वर्षांनंतरचा समाज या कागदांमध्ये आजच अर्धा लिहिलेला असतो.

आपल्या नमुना कथेसाठी मी एका खऱ्याखुऱ्या चांगल्या कायद्यापासून सुरुवात करतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. खेपा घालून चपला झिजवलेल्या कुणालाही त्याचं मोल कळेल. आता तीच सदिच्छा टोकापर्यंत ताणू: *नगरात नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीचं निवारण त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी झालं पाहिजे.*

मी यावर सही करेन. तुम्हीही कराल. म्हणून हा नियम कामाचा आहे.

पायरी २ : यंत्र एकच, आणि आसपासचं

विज्ञानकथेत एका नव्या यंत्रावर वाचक विश्वास ठेवतो. तिसऱ्याला तो कंटाळतो. म्हणून नियमाला हातपाय देईल असं एकच यंत्र घ्या, आणि शक्यतो ते तुमच्या परिसरात आधीपासून असलेलं असू द्या, म्हणजे त्याचं गणित तुम्हाला करता येईल.

न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तिथून निघालेले कंटेनर आपण रोज उरण फाट्यावर, कळंबोलीला, जेएनपीटी रोडवर पाहतो. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो. गुणाकार करा: जवळपास ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२० चौरस फूट. मुंबई-ठाण्यात असंख्य कुटुंबांचं पूर्ण घर तेवढंच आहे. भरलेला कंटेनर तीस टनांपर्यंत जातो आणि गोदीतली मोठी क्रेन तासाला साधारण २५ ते ३० कंटेनर हलवते. म्हणजे एका रात्रीत, आठ तासांत, एक क्रेन दोनशेहून जास्त घरं हलवू शकेल.

झालं आपलं यंत्र. २०९० च्या सुमाराचं नगर, उंच लोखंडी सांगाडे, त्यात खणाखणांत बसवलेली कंटेनर-घरं, आणि रुळांवरून फिरणाऱ्या क्रेन. घर उचलून दुसऱ्या सांगाड्यात ठेवता येतं. नळ, गटार आणि वीज खटक्याने जोडली जातात. एवढंच पुरे. क्रेन कोणत्या इंधनावर चालते हे कथेत सांगू नका, पण स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

हे गणित वाचकाला पूर्ण दाखवायचं नसतं. ते तुमच्यासाठी आहे, कारण आकडे हातात असले की प्रसंग आपोआप सुचतात. ३२० चौरस फुटांत देव्हारा कुठे बसेल? तीस टनांची मर्यादा असेल तर लग्नात आलेलं फर्निचर कुठे जाईल? खाली सांगितलेली वजनाची सगळी भानगड मला या मर्यादेतूनच सुचली.

पायरी ३ : नियमाला चालू द्या

ही पायरी सगळ्यात मोठी. इथे घाई केली तर कथा चुटक्यावर संपते.

एक पान घ्या आणि नियमाच्या पहिल्या महिन्याचं वर्णन लिहा. ते मनापासून, आनंदाने लिहा. खड्डा दुपारी बुजतो. दिवा संध्याकाळी लागतो. रेशन कार्डावरचं चुकलेलं आडनाव चहा होईपर्यंत दुरुस्त होतं. एखादी म्हातारी कार्यालयात येऊन साहेबांना तिळगूळ देते. वाचकाला या नगरात राहावंसं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर पुढचं काहीच त्याला लागणार नाही.

आता अशी तक्रार आणा, जी सूर्यास्तापर्यंत सुटूच शकत नाही. वरच्या घरातलं तान्हं मूल रात्रभर रडतं. मुलाला गप्प करण्याचं परिपत्रक काढता येत नाही. पण घर हलवता येतं. मग प्रश्न येतो: कुणाचं हलवायचं, तक्रारदाराचं की मुलाचं? इथे थांबा आणि पोटनियम लिहा. उपरोधिक विज्ञानकथेचा खरा कारखाना पोटनियमात असतो, कारण अन्याय नियमातून क्वचितच येतो. तो खर्च वाचवण्यासाठी केलेल्या पोटनियमातून येतो. क्रेनचा खर्च वजनावर ठरतो, म्हणून प्रशासन अगदी सरळ मनाने ठरवतं: *दोघांपैकी जे घर वजनाने हलकं, ते हलेल.*

आता या एका वाक्याचे परिणाम वहीत उतरवत जा. हलकं घर कुणाचं? ज्याच्याकडे सामान कमी त्याचं. म्हणजे वाद कुणाचाही असो, गरीब हलणार. लोक हे लगेच ओळखतात आणि घरं जड करू लागतात. आजीचा पाटा-वरवंटा माळ्यावरून खाली येतो. जातं आणि उखळ यांना सोन्याचा भाव येतो. मुलीकडचे विचारतात, "घर किती टनांचं?" नोकरदार जोडपी हप्त्यावर ग्रॅनाइट घेतात. बिल्डर जाहिरातीत लिहितो: 'पायाशी चार टन मोफत.' तिकडे तीस टनांची मर्यादा गाठलेल्या घरात माणसाला बसायला जागा उरत नाही, पण ते घर आता कुणी हलवू शकत नाही.

मग रोजच्या व्यवहारांवरून हात फिरवा. दूधवाला सकाळी कुठे जाईल? मतदार यादीतला पत्ता कोणता? शाळेचं अंतर घरापासून मोजतात, ते कोणत्या दिवशीच्या घरापासून? जास्तीची किल्ली कुणाकडे ठेवायची? हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं? सगळ्या प्रश्नांची उत्तरं कथेत जाणार नाहीत. दहा लिहा, दोन वापरा. मी कथेत किल्ली आणि दूधवाला ठेवेन, कारण ते दोन ओळींत दाखवता येतात.

शेवटी नियम स्वतःलाच कसा खायला लागतो ते शोधा. घरं सतत हलल्यामुळे शेजारी सतत बदलतात. ओळखीच्या माणसाच्या मुलाचं रडणं आपण सहन करतो, अनोळखी माणसाच्या मुलाचं करत नाही. म्हणून तक्रारी वाढतात. वाढल्या म्हणून घरं जास्त हलतात. मग एक टप्पा असा येतो की आपलंच घर हलेल या भीतीने लोक तक्रार करणं बंद करतात. फलकावर आकडा येतो: आजच्या तक्रारी, शून्य. नगराला पुरस्कार मिळतो. मूळ नियम एकदाही मोडला गेलेला नाही, हे लक्षात घ्या. कुणी भ्रष्टाचार केला नाही, कुणी क्रूर वागलं नाही. हा साचा पक्का झाला की तुमचा निम्मा प्रवास झाला.

पायरी ४ : यादीत नसलेला माणूस शोधा

संत रविदासांच्या बेगमपुरा या पदात एक नगर आहे. तिथे कर नाही, दुःख नाही, भीती नाही, कुणी दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं नाही, आणि माणूस त्याला आवडेल तिथे फिरू शकतो. हे पद वाचताना मला नेहमी त्या शेवटच्या गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. मनाला येईल तिथे चालता येणं हे ज्याला स्वर्गासारखं वाटतं, त्याला रोज किती रस्ते बंद असतील! काशीच्या चर्मकाराने पाहिलेलं स्वप्न म्हणजे त्याच्याकडून हिरावून घेतलेल्या गोष्टींची यादी आहे. कोणत्याही आदर्श नगराची कथा लिहिताना हा प्रश्न विचारा: हे स्वप्न कुणाचं आहे, आणि ते पाहताना कोण खोलीबाहेर उभं होतं?

आपल्या नगरात कंटेनर-क्रमांक असलेल्यालाच तक्रार करता येते. मग क्रमांक नसलेले कोण? तुर्भ्याहून कामाला येणारी बाई, जिचं घर हलत नाही, पण जिची कामाची घरं रोज हलतात. आणि गावठाणातले लोक, ज्यांची घरं जमिनीत रुतलेली आहेत. त्यांना तक्रार करता येत नाही, पण त्यांच्याविरुद्ध करता येते.

नायिका इथेच मिळते. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातली एक वयस्क कोळीण. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले. समोर नवा सांगाडा उभा राहतो आणि बाविसाव्या मजल्यावरून वासाची तक्रार येते. तिचं घर उचलता येत नाही, वास सूर्यास्तापर्यंत थांबत नाही. नगराच्या इतिहासात पहिल्यांदा एक फाइल दिवस मावळल्यावरही उघडी राहते. कार्यालयात धावपळ उडते. तोडगा निघतो तोही प्रेमळ: आजींना एक कंटेनर-घर मोफत द्यायचं. क्रमांकासकट. सत्कारासकट.

तिला बिचारी करू नका. तिच्या हाताला काम द्या, तिला बाजारभाव माहीत असू द्या, ती कुणाला तरी टाकून बोलू द्या. दया आली की उपरोध मवाळ होतो, आणि त्या माणसाचाही अपमान होतो.

पायरी ५ : कथा कुणी सांगायची

नियमावर ज्याची मनापासून श्रद्धा आहे, त्याने. बंडखोराच्या तोंडून सांगितलं तर तो वाचकाच्या आधी सगळं ओळखून बसतो, आणि वाचकाला शोधायला काही उरत नाही.

जोनाथन स्विफ्टच्या १७२९ च्या पत्रकात आयर्लंडच्या गरिबांनी आपली तान्ही मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत असा प्रस्ताव आहे. तो मांडणारा माणूस अतिशय सुसंस्कृत आहे. तो हिशेब देतो, दर सांगतो, देशाचा फायदा मोजतो. अगदी शेवटी तर सांगतो की यात माझा काही स्वार्थ नाही, कारण माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे आणि बायकोला आता मूल होणार नाही. अंगावर काटा येतो तो या सभ्यपणामुळे. लेखक कुठेही डोळा मारत नाही.

आपल्या कथेत एक तरुण सहायक निवारण अधिकारी घ्या. पहिल्या पिढीतली नोकरी, वेळेवर येणारी, पावत्या नीट फाइल करणारी. तिला आजींबद्दल खरी आपुलकी वाटते. त्या आपुलकीनेच ती आजींना घराबाहेर काढते. तिच्या तोंडी एकही टोमणा नको. लिहून झाल्यावर निवेदिकेचं प्रत्येक वाक्य तपासा: हे ती खरंच, प्रामाणिकपणे म्हणेल का? जिथे तुम्हीच तिच्या तोंडून बोलताय असं वाटेल, ते वाक्य खोडा, मग ते कितीही चुरचुरीत असो.

पायरी ६ : कागद लिहा

वर्णनापेक्षा नगरातला एक कागद जास्त सांगतो. आपल्याकडे परिपत्रकी मराठी घराघरांत पोचलेली आहे. तिची लय वाचकाच्या कानात आहे, म्हणून ती जराशी पुढे सरकवली तरी काम होतं. आजींना येणारी नोटीस अशी लिहिता येईल:

> विषय : आपल्या वास्तव्याचे समाधान झाल्याबाबत.
> संदर्भ : आपल्याविरुद्ध प्राप्त तक्रार (निकाली).
>
> महोदया,
> उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या अंगणातील बोंबलांच्या वासाबाबत प्राप्त तक्रारीचे आजच्या आज निवारण करण्यात आले आहे. निवारणोत्तर आपला पत्ता सोबत जोडला आहे. नवीन पत्त्याजवळ समुद्र नसल्याने सदर प्रश्न पुन्हा उद्भवणार नाही, याची नोंद घ्यावी. जुन्या घरातील फक्त आपल्या मालकीचे सामान सोबत आणावे. अंगण आणू नये. समाधान-पावती सही अथवा अंगठा करून सूर्यास्तापूर्वी परत करावी.
> आपल्या सहकार्याबद्दल नगर आपले आभारी आहे.

यात एकही विशेषण भयंकर नाही. 'अंगण आणू नये' एवढे तीन शब्द कोपऱ्यात ठेवलेले आहेत, आणि तेही नियमाच्या सुरात. अशी नोटीस लिहिताना खरी नोटीस समोर ठेवा, तिची वाक्यरचना उचला, आणि फक्त एका जागी ती वाकवा. दोन-तीन जागी वाकवली की ती नोटिशीची नक्कल वाटायला लागते.

कागदासारखीच एखादी वस्तूही सगळा समाज अंगावर वागवू शकते. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनने १९२०-२१ मध्ये 'वुई' या कादंबरीत कल्पिलेल्या नगरात घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदा ओढायला परवाना लागतो. पुढचं सगळं त्या पडद्यातून कळतं. ती कादंबरी १९२४ मध्ये आधी इंग्रजीत आली आणि तिच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ उजाडलं. आपल्या कथेत ती वस्तू म्हणजे कार्यालयाचा वजनकाटा. प्रत्येक घराखाली तो आहे आणि दारावर आकडा लुकलुकतो.

पायरी ७ : बोली आणि नावं

भविष्यातल्या मराठीसाठी नवा शब्दकोश पाडू नका. चार-पाच नवे शब्द पुरतात, आणि ते प्रशासनाने ठेवल्यासारखे गुळगुळीत असावेत: 'निवारण', 'समाधान-पावती', 'स्थिरभार'. बाकी लोक आजच्यासारखेच बोलू द्या. लिफ्ट लिफ्टच राहील, आणि वडापावही.

आजींची आगरी-कोळी बोली मात्र काळजीने लिहा. "मना नको तुजी पावती. दर्या नाय ते घरान मी काय करू?" एवढी एक ओळ पुरे. मराठीत ही बोली विनोदासाठी फार वापरली गेली आहे, त्यामुळे आजींच्या बोलण्यावर वाचक हसायला लागला की कथा उलटी फिरते. या कथेत शहाणं बोलणं तिचं आणि हास्यास्पद बोलणं प्रमाणभाषेतल्या नोटिशीचं, हा तोल सांभाळा. बोली तुमच्या घरातली नसेल तर करावे, सारसोळे, दिवाळे अशा गावातल्या ओळखीच्या माणसाला मजकूर वाचून दाखवा आणि तो सुचवेल ते बदल करा.

पायरी ८ : शेवट नियमाच्या पोटातून काढा

शेवटासाठी तीन वाटा पहिल्याच झटक्यात सुचतात. लोक उठाव करतात. संगणक बंद पडतो. नायक जागा होतो आणि सगळं स्वप्न होतं. तिन्ही टाळा, कारण तिन्हींमध्ये नियम बाहेरून मोडला जातो. वाचकाला जी रुखरुख लागायला हवी, ती नियम पूर्ण पाळला गेल्यावरच लागते.

आपल्याकडे आता काय काय आहे ते पाहा. आजींकडे कंटेनर-क्रमांक आहे, म्हणजे त्यांनाही आता तक्रार करता येते. त्या एकच तक्रार करतात: इथे समुद्र नाही. समुद्र तर सूर्यास्तापर्यंत आणता येत नाही. म्हणून आजींचं घर समुद्राजवळ न्यावं लागतं. समुद्राजवळ रिकामा खण एकच, त्याच सांगाड्यात, बाविसाव्या मजल्यावर. आजी तिथे जातात आणि गॅलरीत बोंबील वाळत घालतात. दुपारपर्यंत सांगाड्यातून तक्रारी येतात. पोटनियम स्पष्ट आहे: हलकं घर हलेल. निवेदिका निर्धास्तपणे काटा वाचायला जाते, कारण आजींकडे सामान ते काय असणार?

आजींच्या घरात होडीचं इंजिन आहे, साखळदंड आहेत, आणि नवऱ्याच्या बोटीचा लोखंडी नांगर. नोटिशीत म्हटल्याप्रमाणे आपल्या मालकीचं सगळं सामान त्यांनी सोबत आणलं आहे. काट्यावर आकडा येतो. सांगाड्यात तक्रार केलेल्या प्रत्येक घराहून आजींचं घर जड आहे. सूर्यास्तापूर्वी क्रेन येतात आणि बाकीची घरं एकेक करून निघतात. निवेदिका नोंदवही भरते, तक्रारींच्या रकान्यात शून्य लिहिते, आणि आजींना समाधान-पावती द्यायला वर जाते.

हा शेवट चालतो, कारण त्यातलं काहीच नवीन नाही. क्रमांक, वजनाचा पोटनियम, सामानाबद्दलची ओळ, सगळं आधी येऊन गेलं आहे. पण नांगराची पेरणी नीट करायला हवी. पहिल्या भेटीत निवेदिका अंगणात येते तेव्हा तिने नांगरावर ठेच खावी, किंवा बसायला दुसरं काही नाही म्हणून त्याच्यावर बसावं. एका ओळीत. दुसऱ्यांदा उल्लेख केला की चतुर वाचक शेवट ओळखतो.

हा विजय पूर्ण गोड होऊ देऊ नका. निघालेल्या घरांमध्ये ते रडणारं मूल असलेलं हलकं घरही असू द्या. त्याने कधीच तक्रार केली नव्हती, पण त्याचा खण क्रेनच्या वाटेत येत होता.

पायरी ९ : तपासणी आणि पाठवणी

पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, शक्यतो कुणासमोर. भारूड आणि तमाशातली बतावणी ही आपली उपरोधाची जुनी घराणी. दोन्ही कानांसाठी घडलेली आहेत, त्यामुळे मराठी वाचकाचा कान या बाबतीत तयार असतो. जिथे ऐकणारा हसण्याआधी तुम्ही थांबता, तिथे विनोद समजावून सांगितलेला असतो. त्यानंतरचं वाक्य काढून टाका.

विज्ञानाचीही एक फेरी मारा. कंटेनर उन्हात किती तापेल? लोखंडी पेटीत वारा कुठून येईल? मे महिन्यात घणसोलीच्या रस्त्यावरून दुपारी चालत गेलं की या प्रश्नाचं गांभीर्य कळतं. उत्तर कथेत द्यायचं नसलं तरी तुम्हाला ठाऊक असावं, नाहीतर एखादा अभियंता वाचक पहिल्याच पानावर कथा खाली ठेवेल.

खऱ्या माणसांची नावं, ओळखू येतील अशी पदं, प्रत्यक्षातल्या सोसायट्या वापरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका माणसावर नेम धरला की तो माणूस बदलला तरी चालणारा नियम सुटून जातो. आपला नेम पोटनियमावर आहे.

संदर्भ हवे असतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने दिवाळी अंक चाळा. संस्था १८९३ पासून आहे, आणि जुन्या अंकांतून मराठी विज्ञानकथेत काय करून झालंय ते कळतं.

कथा दीड ते साडेतीन हजार शब्दांत बसवा. एका नियमाची कथा याहून लांबली की पोटनियमांची यादी वाटू लागते. दिवाळी अंकांसाठी पाठवायची असेल तर पावसाळा सुरू होईपर्यंत संपादकांना विचारून ठेवा, गणपतीनंतर अंकांची पानं लागलेली असतात. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा हीही जुनी वाट आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, नाव पाहून परीक्षकांनी निर्णय देऊ नये म्हणून. युनिकोडमध्ये टंकलेली एकच फाइल पाठवा. सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ समजावू नका. शीर्षक, शब्दसंख्या आणि कथा अन्यत्र पाठवलेली नाही एवढा उल्लेख पुरे. उत्तर येईपर्यंत सूचना फलकावरचा दुसरा नियम उतरवून घ्या आणि त्याचा पोटनियम लिहायला घ्या.